खुर्ची टाकू नका, आधी उसकटून बघा: जेवणाच्या जुन्या खुर्च्यांना घरीच गादी बसवण्याची पद्धत

आमच्या सहा खुर्च्या १९९४ सालच्या. सासऱ्यांनी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या सुताराकडून करून घेतलेल्या, सागवानी, पाठीला साध्या उभ्या पट्ट्या. तीस वर्षं त्यांच्यावर जेवणं झाली, पोरांचे अभ्यास झाले, दोन लग्नांच्या याद्या झाल्या. लाकूड अजून खणखणीत आहे. गादी मात्र इतकी बसली होती की खालचा प्लाय हाडाला लागायचा, आणि रेक्झिन कोपऱ्यात फाटून आतला पिवळा स्पंज पिठासारखा फरशीवर गळायचा. पाहुणे आले की मी त्यावर घडी घातलेल्या चादरी टाकायचे.

बाहेर विचारलं तर कापडासकट एका खुर्चीचे अकराशे सांगितले, म्हणजे सहांचे ६,६०० रुपये. तेवढे एकदम काढणं जमण्यासारखं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या एका मामांनी आयुष्यभर गाद्या आणि सोफ्यांचं काम केलं. त्यांना विचारायला गेले ते कापडाचे तुकडे हातात घेऊनच. त्यांनी तुकडे बाजूला ठेवले. म्हणाले, "वैनी, कापडाचं मागनं बघा. आधी एक खुर्ची उसकटा. आत काय हाय ते तीच सांगती."

सहाही खुर्च्या मी घरीच केल्या. कापडाला पिना मारायची पिनगन विकत घेऊनसुद्धा ३,३५० रुपयांत काम झालं. त्यात काय चुकलं, काय जमलं आणि पैसा कुठं घालायचा, ते सगळं इथं लिहिते. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बहुतेकजण उलटं करतात: पैसा फोममध्ये घाला, कापडात वाचवा. भारी कापडाखाली हलका फोम घातला तर वर्षभरात खड्डा पडतो आणि ते भारी कापड सुरकुत्या पडून लोंबतं. चांगल्या फोमवर साधं कापडही ताठ बसतं.

काम कधी काढायचं

दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत. कोल्हापूरच्या पावसात हे काम काढू नका. लाकूड फुगलेलं असतं, फेव्हिकॉल सुकता सुकत नाही, आणि स्पिरिटचं पॉलिश दमट हवेत मारलं की त्यावर पांढरट धुकं धरतं. शिवाय ओलसर प्लायवर फोम चिकटवून वरून कापड ताणलं की ओल आतच कोंडते आणि श्रावणात खुर्चीला कुबट वास येतो. ऊन्ह हवं, गच्ची किंवा अंगण हवं, आणि पहिल्या खुर्चीसाठी एक पूर्ण दिवस हवा. पुढच्या खुर्च्या दोन-दोन तासांत होतात.

सहाही खुर्च्या एकदम उघडू नका. एक खुर्ची पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरी करा, तिच्यावर आठ दिवस जेवा आणि मगच बाकीच्यांचं सामान आणा. माझी पहिली खुर्ची जास्त उंच झाली होती. तीन इंचांचा फोम घातल्यानं मांड्या टेबलाच्या खालच्या पट्टीला घासायला लागल्या. सहांचा फोम एकदम आणला असता तर सगळाच वाया गेला असता.

उलटी करून बघा

खुर्ची टेबलावर उलटी ठेवा, खाली जुनी चादर अंथरा. बैठकीच्या खाली चार कोपऱ्यांत चार स्क्रू दिसले तर काम सोपं आहे, ते काढले की बैठक अख्खी हातात येते. जेवणाच्या बहुतेक खुर्च्या अशाच असतात. स्क्रू नसतील आणि कापड थेट खुर्चीच्या लाकडी चौकटीवर ठोकलेलं असेल, तर ते काम वेगळं आणि अवघड. तिथं कडा झाकायला गोट, पट्टी, पितळी फुलखिळे लागतात. पहिल्यांदाच हात घालत असाल तर तसली खुर्ची कारागिराकडे द्या.

निघणाऱ्या बैठकीतही दोन जाती आहेत आणि तो फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो. एकीत बैठक चौकटीच्या वर नुसती टेकलेली असते. दुसरीत ती चौकटीच्या आत, खाचेत बसते आणि चारी बाजूंनी लाकडाची कड दिसते. आमच्या दुसऱ्या जातीच्या आहेत. अशा खुर्चीला आधीपेक्षा जाड कापड लावलं की बैठक खाचेत बसतच नाही, आणि ठोकून बसवायला गेलं तर चौकटीचा जोड उघडतो.

बैठक काढण्याआधी खुर्चीवर आणि बैठकीवर एकच आकडा लिहा, आणि बैठकीची पुढची बाजू कोणती त्याची खूण करा. सुतारानं हातानं केलेल्या सहा खुर्च्या दिसायला सारख्या असल्या तरी मापाला नसतात. आमच्या दोन नंबरची बैठक चार नंबरमध्ये जात नाही. स्क्रूही ज्याचे त्याचे वेगळे ठेवा, मी रिकाम्या मसाल्याच्या डब्यांवर आकडे टाकून ठेवले होते.

उसकटणं

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त शिकवणारंही. चपट्या तोंडाचा जुना स्क्रू ड्रायव्हर पिनेखाली सारायचा, हळूच उचलायची, पक्कडीनं ओढायची. एका बैठकीतून साठ-सत्तर पिना किंवा चपटे खिळे निघतात. नाकातोंडाला रुमाल बांधा, कारण जुना स्पंज भुगा होऊन उडतो. काम बाहेर करा आणि खाली जुनं वर्तमानपत्र नव्हे तर चादर घाला, म्हणजे पिना घरभर होत नाहीत. निघालेल्या पिना डब्यात मोजून टाकाव्यात इतकी काळजी घ्या. घरात रांगतं मूल असेल तर नंतर फरशीवरून लोहचुंबक फिरवा.

जुनं कापड फाडून काढू नका, अख्खं सोडवा. तोच तुमचा साचा. त्यावर घड्या कुठं होत्या, कोपरा कसा दुमडला होता, सगळं उमटलेलं असतं. ते इस्त्री करून ठेवलं की नवं कापड कापताना अर्धी काळजी मिटते.

आत काय निघेल ते खुर्चीच्या वयावर. आमच्यात वर रेक्झिन, खाली स्पंज, त्याखाली प्लाय. मावशीच्या घरच्या जुन्या खुर्च्यांत काथ्या आणि गोणपाट निघालं, खाली निवारीच्या पट्ट्या. काथ्या कोरडा आणि लवचिक असेल तर फेकू नका, उन्हात घालून, झटकून परत खाली घालता येतो. वर नुसता एक इंचाचा फोम पुरतो. निवार सैल झाली असेल तर ती मात्र बदलाच. उभ्या-आडव्या पट्ट्या चटईसारख्या एकीखालून एक विणून, ताणून ठोकायच्या. ताण हातानं पुरेसा बसत नाही, पट्टीला फळीचा तुकडा गुंडाळून तो चौकटीच्या कडेवर टेकवून मागे दाबायचा.

प्लाय बोटानं दाबून बघा. थर सुटले असतील, मधे झोळ आला असेल, कडा फुगल्या असतील तर नवा कापून घ्या. १२ मिलिमीटरचा पुरतो. अख्खी शीट घेऊ नका, प्लायच्या दुकानात आणि फर्निचरच्या कारखान्यात उरलेले तुकडे मिळतात, आणि आपल्याला लागतो सव्वा-दीड फुटांचाच. घरात ओल असेल तर मरीन प्लायचा तुकडा मागा, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. जुना प्लाय ठेवून, भोवती पेन्सिल फिरवून नवा कापायचा. बैठक खाचेत बसणारी असेल तर चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर जागा कापडासाठी सोडायची. साधं सुती कापड असेल तर दोन, सोलापुरी चादरीसारखं जाड असेल तर तीनही कमी पडतात. आधी कापडाची पट्टी प्लायच्या कडेला गुंडाळून खाचेत बसवून बघा, मगच कडा घासा.

नव्या प्लायला अर्ध्या इंचाची पाच-सहा भोकं पाडा. बसल्यावर फोममधली हवा बाहेर जायला वाट लागते. रेक्झिन लावणार असाल तर हे अगदी हवंच, नाहीतर बसताना गादी फुगते आणि शिवणीतून फुस्स आवाज येतो.

चौकट डुलत असेल तर

गादीच्या नादात हे राहून जातं. बैठक काढलेली असताना खुर्ची दोन्ही हातांनी तिरकी ढकलून बघा. डुलत असेल तर आताच दुरुस्त करा. सुटलेला जोड पूर्ण उघडा, त्यातला जुना सरस किंवा फेव्हिकॉल पटाशीनं आणि काचपेपरनं खरवडून लाकूड उघडं करा. जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. घरी केलेले जोड महिन्याभरात परत सुटतात ते याच कारणानं.

मग फेव्हिकॉल लावून जोड बसवायचा आणि ताण द्यायचा. क्लॅम्प विकत घ्यायची गरज नाही. चारी पायांभोवती सुताची जाड दोरी दुहेरी गुंडाळा, मधे लाटणं घाला आणि पीळ देत जा. दोरी आवळली की जोड आपोआप मिटतात. लाटणं चौकटीला अडकवून चोवीस तास तसंच ठेवा. दोरीखाली कापडाच्या घड्या घाला, नाहीतर पॉलिशवर वळ उठतात. पीळ देण्याआधी खुर्ची सपाट फरशीवर चारी पायांवर उभी आहे ना, ते बघा, कारण वाकडी सुकली की ती तशीच राहते.

लाकडातून बारीक पांढरी भुकटी गळत असेल आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील, तर कीड आहे. लाकूडकिडीवरचं तयार औषध इंजेक्शनच्या सिरिंजनं भोकाभोकांत सोडा, खुर्ची प्लॅस्टिकच्या कागदात दोन दिवस गुंडाळून ठेवा. ती बरी होईपर्यंत बाकीच्या खुर्च्यांपासून लांब ठेवा.

पॉलिश हा वेगळा विषय आहे, पण थोडक्यात सांगते. सागवानाला बहुतेक वेळा नव्या पॉलिशची गरजच नसते. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यानं तीस वर्षांचा तेलकट थर पुसला की खालचा रंग उजळतो. आमच्या सहापैकी दोनच खुर्च्यांच्या हातांना चपडा लाख आणि स्पिरिटचा हात द्यावा लागला. ते काम मोकळ्या हवेत करा, आसपास विडी, उदबत्ती, गॅस काही नको.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या खुर्च्या

हे आपल्याकडे लिहायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मावशीच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं, २०२१ च्या जुलैत परत. पाणी ओसरल्यावर खुर्च्या धुऊन, उन्हात टाकून वापरायला घेतल्या, आणि दोन महिन्यांत गाद्यांना काळी बुरशी आली. पुराच्या पाण्यात बुडालेला फोम, कापूस, काथ्या वाचवायचा प्रयत्न करू नका. त्यात गटाराचं पाणी मुरलेलं असतं, ते धुऊन निघत नाही. साधा प्लायही टाकून द्या.

सागवानी किंवा शिसवी चौकट मात्र वाचते. स्वच्छ पाण्यानं आणि ब्रशनं खाचांतला गाळ काढायचा आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी तीन-चार आठवडे सुकू द्यायची. कडक उन्हात टाकली की वरचा भाग झटकन सुकतो, आतला ओला राहतो आणि लाकूड तडकतं. साधा पांढरा गोंद पाण्यानं मऊ पडतो, म्हणून अशा खुर्च्यांचे बहुतेक जोड सुटतातच. ते जोडताना पाण्याला टिकणारा मरीन फेव्हिकॉल वापरा. मावशीच्या चारही खुर्च्या अशा परत उभ्या राहिल्या.

फोम: इथं घासाघीस करू नका

फोमच्या दुकानात पहिला शब्द ऐकू येतो तो डेन्सिटी. एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो आकडा. २८ आणि ३२ हे उशा, पाठीचे तक्के यांना ठीक. जेवणाच्या खुर्चीवर माणसाचं सगळं वजन सव्वा फुटाच्या चौकोनात रोज पडतं, तिथं ४० घ्या. जाडी दोन इंच. जास्त मऊ हवं म्हणून तीन इंच घेऊ नका, जेवताना पाठ वाकते आणि टेबल बुटकं वाटायला लागतं.

दुकानदार सांगेल ती डेन्सिटी खरी मानायची का, याला सोपा उपाय आहे. फोम वजन करून घ्या. सहा बाय तीन फुटांची दोन इंची शीट ४० डेन्सिटीची असेल तर जवळपास ३ किलो ४०० ग्रॅम भरते. ३२ ची २ किलो ७०० ग्रॅम. फरक पाऊण किलोच्या आसपास आहे, साध्या काट्यावरही लगेच कळतो. मी वजन करायला सांगितलं तेव्हा दुकानदारानं पहिली शीट परत ठेवली आणि आतून दुसरी आणली.

एका शीटमध्ये दीड फुटी आठ तुकडे निघतात. सहा खुर्च्यांना सहा, वर दोन उरतात, त्यांच्या देवघरापुढच्या बसायच्या गाद्या होतात. एकटी खुर्ची करणार असाल तर शीट घेऊ नका. स्कूटर-मोटरसायकलच्या सीट करणाऱ्यांकडे फोमचे आणि रेक्झिनचे तुकडे असतात, ते स्वस्तात देतात.

कापताना फोम बैठकीपेक्षा चारी बाजूंनी पाव इंच मोठा ठेवा. कापड ओढल्यावर तो आत दबतो आणि कड भरीव दिसते. विळीवर किंवा भाजीच्या सुरीनं फोम कापला की कड कुरतडल्यासारखी होते. लांब पातं बाहेर काढलेला पेपर कटर घ्या, पट्टी धरून हलक्या हातानं तीन-चार वेळा त्याच रेघेवरून फिरवा. दाबून एका दमात कापायला गेलं तर वर माप बरोबर आणि खाली आत गेलेलं निघतं.

मधे थोडा उठाव हवा असेल तर मामांची युक्ती करा. अर्धा इंच जाडीचा, वीतभर चौकोनी तुकडा आधी प्लायच्या मधोमध चिकटवायचा आणि मग त्यावर मोठा फोम. दोन-तीन वर्षांनी फोम थोडा दबला तरी बैठक सपाट राहते, खड्डा दिसत नाही.

चिकटवायला एसआर ९९८ नावाचा फेव्हिकॉल मिळतो. प्लायवर आणि फोमवर दोन्हीकडे पातळ पसरवायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट लावल्यावर चिकट पण ओला नाही असा झाला की दाबून बसवायचं. एकदा बसला की सरकत नाही, म्हणून आधी खुणा करा. याचा वास उग्र असतो आणि वाफ पेट घेते. स्वयंपाकघरात अजिबात करू नका, देवघरातली समईसुद्धा विझलेली असू दे.

फोमवर पातळ पॉलिस्टरची भरण पसरावी, बाजारात रेक्रॉनची शीट म्हणून मागा. कोपरे गोलसर दिसतात आणि कापड फोमला घासून झिजत नाही. जुन्या गादीतला पिंजलेला कापूसही चालतो, पण आपल्याकडच्या पावसात कापूस ओल धरतो, म्हणून खालच्या मजल्यावर राहत असाल तर पॉलिस्टरच बरं.

कापड

कोल्हापुरी घरातली जेवणाची खुर्ची आहे हे विसरून कापड घेऊ नका. रविवारी तांबडा रस्सा होणार, वाटी कलंडणार, कांदा-लसूण मसाल्याचं तेल सांडणार. फिकट पिवळं, बदामी, पांढरं कापड दुकानात कितीही छान दिसलं तरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वीटकरी, गर्द हिरवा, तपकिरी, बारीक चौकडा किंवा मिसळलेल्या रंगांची वीण घ्या.

जाड दुसुती किंवा कॅनव्हास सगळ्यात किफायतशीर. इचलकरंजी आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर, यंत्रमागाचं गाव, तिथं ओळख असेल तर जाड सुती कापड ठाणातून चांगल्या दरात मिळतं. सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा, नाहीतर पहिल्या ओल्या फडक्यानं ते आकसतं आणि कोपरे ओढले जातात. घरात लहान मुलं असतील तर रेक्झिन पुसायला सोपं, पण एप्रिल-मे मध्ये घामानं चिकटतं. मखमल मी टाळेन, त्यात भाताची शितं अडकतात.

घरातलं कापड वापरायचं असेल तर न वापरलेली सोलापुरी चादर उत्तम, वीण घट्ट आणि टिकाऊ. फक्त कोपऱ्यात तिच्या घड्या जाड होतात, म्हणून खाचेतल्या बैठकीला ती लावताना प्लायच्या कडा जास्त घासून घ्याव्या लागतात. खण आणि इरकल मात्र बैठकीला लावू नका. मन होतं, मलाही झालं होतं. पण ते नेसायचं कापड आहे, रोजच्या बसण्या-उठण्याच्या घर्षणात वर्षभरात विरतं. खणाची हौस पाठीच्या उशीवर भागवा.

माप असं. आमची बैठक सगळ्यात रुंद जागी १७ इंच. दोन्ही बाजूंना फोमची जाडी दोन-दोन इंच आणि खाली वळवायला दोन-दोन इंच, म्हणजे १७ अधिक ८, एकूण २५ इंच. सोफ्याच्या कापडाचा पन्हा साधारण ५४ इंच असतो, त्यात शेजारी शेजारी दोन तुकडे बसतात. सहा खुर्च्यांना तीन ओळी, ७५ इंच, म्हणजे दोन मीटरहून थोडं कमी. मी सव्वादोन मीटर घेतलं. मोठी नक्षी किंवा पट्टे असतील तर नक्षी प्रत्येक खुर्चीच्या मधोमध यायला हवी, मग हा हिशेब मोडतो आणि कापड बरंच जास्त लागतं. पैसे वाचवायचे असतील तर साधं किंवा बारीक नक्षीचंच घ्या.

ताणणं आणि पिना मारणं

हातानं दाबायची पिनगन पुरते, विजेची नको. पिना ८ मिलिमीटरच्या. १२ मिलिमीटरच्या प्लायमधून त्या वर येत नाहीत. सोलापुरी चादरीसारख्या जाड कापडाला कोपऱ्यांत १० मिलिमीटरच्या लागतात. एका खुर्चीला खालच्या काळ्या कापडासकट शंभरेक पिना जातात, म्हणजे हजारांच्या एका डबीत सहाही खुर्च्या होतात.

सुरू करण्याआधी प्लायवरच्या स्क्रूच्या भोकांभोवती खडूनं मोठे गोल करा. त्या गोलांत एकही पिन मारायची नाही. माझ्या पहिल्या खुर्चीत दोन पिना नेमक्या भोकावर बसल्या आणि सगळं झाल्यावर कोपरा परत उघडावा लागला.

कापड उलटं अंथरा, त्यावर बैठक उलटी ठेवा. कापडाच्या आणि प्लायच्या चारी बाजूंच्या मध्यावर खडूच्या खुणा जुळवा. पुढच्या बाजूच्या मध्यावर एक पिन. मग बरोबर समोर, मागच्या बाजूला, कापड ओढून एक पिन. मग डावी, मग उजवी. आता बैठक सुलटी करून बघा. वीण सरळ आहे का, पट्टा तिरका गेला आहे का. या टप्प्यावर चार पिना काढणं सोपं, नंतर चाळीस काढाव्या लागतात.

मग मध्यापासून कोपऱ्याकडे, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, इंचाइंचावर पिना. कोपऱ्याच्या दोन इंच अलीकडे थांबा. एक बाजू सलग संपवून दुसरीकडे गेलं की सगळं कापड एकीकडे ओढलं जातं. ताण किती द्यायचा ते हाताला कळायला वेळ लागतो. कापड गुळगुळीत व्हायला हवं, ढोलकीसारखं ताणलेलं नको. जास्त ओढलं की पिनेच्या जागी बारीक खळ्या पडतात आणि बसल्यावर तिथंच ते फाटतं. फोम दाबून धरायला दुसरं माणूस असेल तर बरं, नाहीतर स्वतः ढोपरानं हलका दाब द्या. पूर्ण न घुसलेली पिन हातोडीनं हलकेच ठोका.

कोपरा हा या कामातला खरा कस. कापडाचं टोक आधी सरळ प्लायच्या मध्याकडे ओढून एक पिन मारायची. दोन्ही बाजूंना जे सुटं कापड उरतं त्याची आतल्या अंगाला घडी घालून, घडीची रेघ खुर्चीच्या कोपऱ्याशी जुळवून, खाली पिन. समोरच्या दोन कोपऱ्यांच्या घड्या एकमेकींसमोर तोंड करून हव्यात, दोन्ही एकाच दिशेला गेल्या की ते लगेच डोळ्यांत भरतं. आतलं जादा कापड कात्रीनं काढा, पण कडेच्या अर्धा इंच अलीकडेच थांबा. मला पहिला कोपरा चार वेळा उघडावा लागला. एकदा आत किती दुमडायचं ते कळलं की पुढचे भराभर होतात.

खालचं कापड आणि परत बसवणं

बैठकीच्या खाली काळं कापड लावलेलं असतं, ते धूळ आणि पिना झाकायला. ते विकत आणू नका. दुकानातून मिळालेल्या जुन्या नॉन-वोव्हन पिशव्या कापून सपाट करा, कडा दुमडा, पिना मारा. हवा खेळती राहते आणि झुरळांना आत शिरायला जागा राहत नाही.

स्क्रू बसवताना टोकाला साबण लावा, सहज फिरतात. चौकटीतलं भोक मोठं झालं असेल तर त्यात फेव्हिकॉल लावलेल्या दोन-तीन आगकाड्या, गुल काढून, ठोका, सुकल्यावर स्क्रू घट्ट धरतो. नवीन स्क्रू आणत असाल तर त्याची लांबी आधी मोजा. चौकट आणि प्लाय मिळून जेवढी जाडी होते, त्याहून तो थोडा आखूडच हवा, नाहीतर टोक वर गादीत निघतं.

खर्च माझा असा झाला: फोमची शीट १,५०० रुपये, सव्वादोन मीटर कापड ३२० च्या दरानं ७२०, पिनगन ४५०, भरण २५०, टर्पेंटाइन आणि पॉलिशचं सामान २००, चिकटवायचा फेव्हिकॉल १५०, पिना ८०. हार्डवेअरचं सगळं लक्ष्मीपुरीत एका फेरीत मिळालं. दर बदलत राहतात, पण निम्म्याच्या आसपास पैसा फोमवर, असं प्रमाण राहिलं तर हिशेब बरोबर चालला आहे असं समजा.

हळदीच्या डागाचं एक सांगायलाच हवं. रस्सा सांडला की आधी चमच्यानं खरवडून, वर बेसन टाकून तेल शोषू द्या, तासाभरानं झटका. मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं टिपा, घासू नका. साबण लागल्याबरोबर डाग लालभडक होतो आणि जीव घाबरतो. हळदीचा गुणच तो, साबणातल्या क्षारानं ती लाल होते. साध्या पाण्यानं परत टिपून खुर्ची उन्हात ठेवा. उन्हानं हळद फिकी पडत जाते, दोन-तीन दिवसांत डाग बराचसा जातो.

उरलेल्या कापडाचा वीतभर तुकडा मी प्रत्येक बैठकीच्या खाली, काळ्या कापडाच्या आत घडी करून ठेवला आहे आणि प्लायवर मार्करनं तारीख, कापडाचं माप आणि फोमची डेन्सिटी लिहिली आहे. दोन नंबरच्या खुर्चीत जुन्या प्लायच्या कोपऱ्यात त्या सुताराच्या पेन्सिलीचे आकडे सापडले, १७ आणि १५॥, म्हणजे साडेपंधरा. प्लाय बदलायचाच होता, पण तो तुकडा मी जपून ठेवला आहे.